वाय-फाय जोडलेलं, रेंज पूर्ण, तरी अ‍ॅप म्हणतं 'इंटरनेट नाही': कुठून तपासायचं?

दूध संकलन, शेतावरची पाहणी, घरपोच डिलिव्हरी अशा फिरतीच्या कामांची अ‍ॅप्स मी बनवतो आणि सांभाळतो. अ‍ॅप कुठलंही असो, एक तक्रार ठरलेली: "नेट आहे हो, पण तुमचं अ‍ॅप नाही म्हणतंय." खोलात गेलं की बहुतेक वेळा एकच कारण निघतं. फोन कशाला तरी जोडलेला आहे का, त्या जोडणीतून इंटरनेट येतंय का, आपल्या सर्व्हरपर्यंत पोचता येतंय का, आणि पोचलं तर कामापुरता वेग आहे का, हे चार वेगवेगळे प्रश्न आहेत. कोडमध्ये मात्र पहिल्याचं उत्तर मिळालं की बाकीचे तीन सुटले असं धरून चाललेलं असतं.

खालचा क्रम मी नेहमी वापरतो तोच आहे. आधी फुकटातल्या तपासण्या, मग कोड, मग मैदानातली चाचणी. मुख्यतः अँड्रॉइडबद्दल लिहितोय. आयफोनचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन.

लक्षणं

- बाकीची अ‍ॅप्स चालतात, आपलंच 'इंटरनेट तपासा' म्हणतं.
- उलटा प्रकार: अ‍ॅप 'ऑनलाइन' दाखवतं, पण नोंद पाठवली की चक्र फिरतच राहतं.
- अ‍ॅप उघडताक्षणी लाल पट्टी येते आणि सेकंदाभरात आपोआप जाते.
- वाय-फायवरून मोबाईल डेटावर जाताना, किंवा घाटात, पट्टी सारखी लुकलुकते.
- फोनच्या वर '५जी' लिहिलेलं असतं, अ‍ॅप मात्र '४जी' दाखवतं.
- अ‍ॅपने दाखवलेला वेग आणि प्रत्यक्ष फोटो चढायला लागणारा वेळ यांचा काही मेळ नसतो.
- दिवसभर अ‍ॅप उघडं ठेवलं की संध्याकाळी ते अचानक बंद पडतं.

यातलं नेमकं कुठलं लक्षण आहे ते वापरणाऱ्याकडून आधी वदवून घ्या. "चालत नाही" एवढ्यावर कामाला लागलात तर दिवस वाया जातो. कुठे, किती वाजता, वाय-फायवर की सिमवर, आणि स्क्रीनवर नेमके कोणते शब्द आले, एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. स्क्रीनशॉट मागवा, त्यात वरची पट्टी दिसते, आणि त्या पट्टीत बरंच काही लिहिलेलं असतं.

कोडला हात लावण्याआधी, फोनवर

"व्हॉट्सअ‍ॅप चालतंय" हा पुरावा धरू नका. लिहिलेला संदेश जायला नगण्य डेटा लागतो, आणि आधी पाहिलेले व्हिडिओ फोनमध्ये साठवलेलेच असतात. ब्राउझरमध्ये पूर्वी कधी न उघडलेलं एखादं पान उघडायला सांगा. ते उघडलं तरच इंटरनेट आहे.

मग फोनची तारीख-वेळ पाहा. हे अगदी बारीक कारण वाटतं, पण बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेल्या जुन्या फोनवर मला ते पुन्हा पुन्हा सापडलं आहे. तारीख चुकली की सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र फोनला मुदतबाह्य किंवा अजून लागू न झालेलं दिसतं आणि सुरक्षित जोडणीच होत नाही. अ‍ॅप त्यालाही 'इंटरनेट नाही' म्हणतं. तारीख-वेळ 'आपोआप'वर ठेवली की प्रश्न संपला.

त्यानंतर डेटा सेव्हर, बॅटरी सेव्हर, व्हीपीएन, जाहिराती रोखणारं एखादं अ‍ॅप आणि सेटिंगमधलं 'खाजगी डीएनएस'. अँड्रॉइड ७ पासून डेटा सेव्हर आहे. तो चालू असला की मोबाईल डेटावर पार्श्वभूमीतल्या अ‍ॅप्सचं नेट अडवलं जातं. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा; खाजगी डीएनएस अँड्रॉइड ९ मध्ये आलं. तिथे कुणी एखादा पत्ता भरून ठेवला असेल आणि तो सर्व्हर पोचत नसेल, तर संकेतस्थळांची नावंच सापडत नाहीत. दोन सिमचा फोन असेल तर डेटा कोणत्या सिमवर लावलाय तेही बघा.

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: आजचा डेटा संपलाय का?

आपल्याकडे बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी मिळतात आणि ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो. नेट बंद होत नाही. वरच्या पट्टीत ४जी तसंच राहतं, रेंजच्या काड्याही पूर्ण. पण ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. शेतकऱ्याच्या सातबाऱ्याचा २ एमबीचा फोटो चढायला या वेगाने चार मिनिटांच्या वर लागतात. अ‍ॅपमध्ये एका विनंतीला एकूण ३० सेकंदांची मुदत असेल तर तो फोटो किती वेळा 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं तरी चढणार नाही, आणि प्रत्येक वेळी तो पहिल्यापासून सुरू होईल. दुपारी चारनंतरच्या तक्रारी जास्त असतील तर आधी इथेच बघा. जोडणीचा प्रकार आणि वेग एकमेकांवरून ओळखता येत नाहीत, याचा याहून स्पष्ट नमुना मला माहीत नाही.

चूक नावानिशी लॉगमध्ये (अ‍ॅपच्या नोंदवहीत) येऊ द्या

कोडमधली पहिली दुरुस्ती हीच असावी, कारण ती अर्ध्या तासात होते आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांना दिशा देते. बहुतेक अ‍ॅप्समध्ये विनंती फसली की एकच 'कॅच', म्हणजे चूक पकडणारा कोडचा तुकडा, असतो आणि त्यात 'इंटरनेट तपासा' हा संदेश. नाव सापडलं नाही, वेळ संपली, प्रमाणपत्र नाकारलं, सर्व्हरने ५०० (स्वतःच्या बिघाडाचा क्रमांक) दिलं, सगळ्यांना तेच वाक्य. मग सर्व्हर पडला तरी गावातला माणूस बिचारा राउटर बंद-चालू करत बसतो.

'अननोन होस्ट' आलं तर डीएनएसकडे किंवा खरोखरच नेट नसण्याकडे बोट जातं. 'सॉकेट टाइमआउट' आलं तर वाट आहे पण संथ आहे, किंवा सर्व्हर उत्तर देत नाही. 'एसएसएल हँडशेक' आलं तर तारीख, प्रमाणपत्र, किंवा मध्ये बसलेला एखादा प्रॉक्सी, म्हणजे येणारं-जाणारं सगळं स्वतःमधून नेणारा मधला सर्व्हर. सर्व्हरचा कुठलाही क्रमांक आला, मग तो ४०३ असो की ५०३, तर नेट ठणठणीत आहे. दोष आपल्या बाजूला आहे. वापरणाऱ्यालाही हे वेगवेगळ्या शब्दांत सांगा. 'आमच्या सर्व्हरवर अडचण आहे, तुमची नोंद फोनमध्ये जपून ठेवली आहे' हे वाक्य वाचून माणूस निश्चिंत होतो.

जुना कोड आणि विसरलेल्या परवानग्या

मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या परवानग्या जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये, इंटरनेटची आणि नेटवर्कची स्थिती वाचण्याची, अशा दोन्ही परवानग्या आहेत ना, बघा. दोन्ही वापरणाऱ्याला न विचारता मिळतात, त्यामुळे त्या विसरल्या जातात.

जुन्या प्रकल्पांत अजून 'गेट अ‍ॅक्टिव्ह नेटवर्क इन्फो' ही जोडणीची स्थिती विचारणारी जुनी आज्ञा सापडते. अँड्रॉइड १० पासून ती वापरू नये असं जाहीर आहे, आणि तिचं 'कनेक्टेड' हे उत्तर मी वर म्हटलेल्या पहिल्याच प्रश्नाचं आहे. तसंच, नेटवर्क बदललं की मॅनिफेस्टमध्ये नोंदवलेल्या रिसीव्हरला (असे निरोप ऐकणाऱ्या कोडला) कळवण्याची पद्धत अँड्रॉइड ७ साठी बांधलेल्या अ‍ॅप्सपासून बंद झाली. असा रिसीव्हर कोडमध्ये दिसला तर तो नुसता पडून आहे असं समजा.

अँड्रॉइड ९ पासून साध्या, म्हणजे सांकेतिक न केलेल्या, एचटीटीपीला आपोआप मज्जाव आहे. काही जण 'नेट आहे का' हे पाहायला एखाद्या एचटीटीपी पत्त्यावर विनंती पाठवतात. जुन्या फोनवर ती चालते, नव्यावर अडते, आणि 'नवीन फोनवरच नेट का नाही' असं कोडं उभं राहतं. पत्ता एचटीटीपीएस करा. मज्जाव उठवण्याची सेटिंग आहे, पण या कामासाठी ती लावू नका.

'जोडलेलं' आणि 'पडताळलेलं'

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक नेटवर्कच्या क्षमतांची एक यादी असते. त्यात 'इंटरनेट' म्हणजे हे नेटवर्क इंटरनेट देण्यासाठी आहे एवढंच. 'व्हॅलिडेटेड' म्हणजे फोनने स्वतः बाहेर जाऊन खात्री केली आहे. गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर फोन विनंती पाठवतो आणि २०४ हा क्रमांक, म्हणजे रिकामं पण यशस्वी उत्तर, परत येण्याची वाट पाहतो. दुसरंच पान परत आलं तर तिथे लॉगिनची अट आहे हे फोन ओळखतो. रेल्वे स्टेशनवरचं मोफत वाय-फाय घ्या, जे २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं. मोबाईल नंबर टाकून ओटीपी भरेपर्यंत फोन जोडलेला असतो, पण पलीकडे काहीच जात नाही. फक्त 'वाय-फाय आहे का' विचारणारं अ‍ॅप इथे हमखास फसतं.

म्हणून 'व्हॅलिडेटेड' बघा. पण त्यावरही आंधळेपणाने विसंबू नका, कारण याची दुसरी बाजू आहे. काही कार्यालयांत, कारखान्यांत बाहेरचं सगळं बंद असतं आणि फक्त कामाचे ठरलेले पत्ते उघडे असतात. तिथे गूगलचा पत्ता अडतो, फोन 'इंटरनेट नाही' म्हणतो, वाय-फायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह येतं, आणि तरी आपला सर्व्हर मात्र व्यवस्थित पोचत असतो. अशा ठिकाणी 'व्हॅलिडेटेड' नाही म्हणून अ‍ॅपने 'पाठवा' बटण बंद करून ठेवलं, तर चालणारं काम आपणच अडवलं.

माझं ठाम मत असं आहे की नेटवर्कच्या स्थितीवरून बटण कधीही बंद करू नये. स्थिती फक्त इशारा म्हणून दाखवा. माणसाने 'पाठवा' दाबलं की नोंद आधी फोनमध्ये साठवा, विनंती पाठवून बघा, आणि फसली तर रांगेत ठेवा. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक स्वतंत्र क्रमांक द्या, म्हणजे तीच नोंद दोनदा पोचली तर सर्व्हर दुसरी टाकून देईल. संकलन केंद्रावर एका शेतकऱ्याचं सकाळचं दूध दोनदा चढलं तर पंधरवड्याच्या बिलात भांडण होतं, आणि ते भांडण केंद्रावरच्या मुलाला सोसावं लागतं.

'पिंग' करून, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटी हाक देऊन, पाहण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिसतो. ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या डीएनएस सर्व्हरला, पिंग गेलं म्हणजे आपला सर्व्हर पोचतो असं नाही, आणि कित्येक नेटवर्कवर पिंगच अडवलेलं असतं. स्वतःच्या सर्व्हरवर एक हलका पत्ता ठेवा, जो फक्त २०४ देईल. विचारायचं तर त्यालाच विचारा.

लुकलुकणारी पट्टी आणि संध्याकाळी बंद पडणारं अ‍ॅप

नेटवर्क उपलब्ध झाल्याचा कॉलबॅक (फोनने अ‍ॅपला दिलेला निरोप) आला की लगेच त्याच्या आतून क्षमता विचारू नका. त्या क्षणी मिळणारं उत्तर जुनं किंवा रिकामं असू शकतं. क्षमता बदलल्याचा वेगळा कॉलबॅक अँड्रॉइड ८ पासून त्यापाठोपाठ नक्की येतो, त्याची वाट बघा. अ‍ॅप उघडताच येणारी लाल पट्टी बहुधा इथलीच असते. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या अ‍ॅप बांधायच्या साधनातल्या, नेटवर्कची स्थिती सांगणाऱ्या नेटइन्फोमध्ये तिचं रूप वेगळं: इंटरनेट पोचतं का याचं उत्तर सुरुवातीला 'नल', म्हणजे अजून माहीत नाही, असं असतं, आणि कोड त्यालाच 'नाही' समजतो. फ्लटर हे तसंच साधन वापरत असाल तर त्यातलं कनेक्टिव्हिटी प्लस ६ व्या आवृत्तीपासून एका उत्तराऐवजी यादी देतं. जुनी तुलना तशीच राहिली असेल तर ती कधीच खरी ठरत नाही.

वाय-फाय सोडून सिमवर जाताना 'गेलं' आणि 'आलं' हे निरोप एकापाठोपाठ येतात. 'गेलं' ऐकताच पट्टी दाखवू नका; दोन-तीन सेकंद थांबा. तेवढ्यात दुसरं नेटवर्क आलं तर वापरणाऱ्याला काही कळण्याचं कारणच नाही.

आणि दिवसभरानंतर बंद पडणारं अ‍ॅप? प्रत्येक स्क्रीन उघडताना कॉलबॅक नोंदवला जातो आणि बंद होताना काढला जात नाही. एका अ‍ॅपला अशा १०० चालू नोंदींची मर्यादा आहे. ती ओलांडली की 'टू मेनी रिक्वेस्ट्स' म्हणून अ‍ॅप कोसळतं. विकसकाच्या टेबलावर हे दिसत नाही, कारण तो अ‍ॅप दहा मिनिटं उघडतो आणि बंद करतो. दिवसभर स्क्रीना उघडणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला ते रोज दिसतं. कॉलबॅक संपूर्ण अ‍ॅपसाठी एकदाच, एकाच जागी नोंदवा.

४जी की ५जी, हे कशाला हवंय?

आधी स्वतःला हे विचारा. उत्तर 'मोठी फाइल पाठवावी की नाही ते ठरवायला' असं असेल तर पिढी विचारण्याची गरजच नाही. 'मीटर्ड' आहे का एवढं पुरतं, म्हणजे डेटा मोजून मिळतोय का. दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट वाय-फाय म्हणूनच दिसतो, पण त्यातून सिमचाच डेटा जातो. 'वाय-फाय आहे, पाठवा सगळं' असं लिहिलेलं अ‍ॅप तो डेटा खाऊन टाकतं. आयफोनवर एनडब्ल्यू पाथ मॉनिटर हा जोडणीची माहिती देणारा भाग 'महाग' आणि 'मर्यादित' अशा दोन खुणा देतो. दुसरी लो डेटा मोडची. त्यावरच निर्णय घ्या.

पिढी दाखवायचीच असेल तर फोनच्या स्थितीची परवानगी लागते, आणि ती मागताना स्क्रीनवर 'फोन कॉल करणे व व्यवस्थापित करणे' अशा अर्थाचा प्रश्न येतो. दुधाच्या अ‍ॅपने हे विचारलं की लोक बिचकतात, आणि ते बरोबरच आहे. अँड्रॉइड १३ पासून त्यासाठी सौम्य, न विचारता मिळणारी परवानगी आहे.

वर ५जी, अ‍ॅपमध्ये ४जी, ही तक्रार भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झाल्यापासूनची. जिओने स्वतंत्र ५जी उभं केलं, एअरटेलने सुरुवात ४जीच्या गाभ्यावर बसवलेल्या ५जीने केली. या दुसऱ्या प्रकारात फोन नोंदलेला असतो ४जीवरच, म्हणून नेटवर्कचा प्रकार विचारला की 'एलटीई', म्हणजे ४जी, हेच प्रामाणिक उत्तर येतं. वरच्या पट्टीत दिसणारं नाव वाचायला अँड्रॉइड ११ पासून 'टेलिफोनी डिस्प्ले इन्फो' आहे. अ‍ॅप वेबव्ह्यूमध्ये (अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये) चालत असेल तर जोडणीचा प्रकार सांगणारं 'इफेक्टिव्ह टाइप' कधीच ५जी म्हणणार नाही. त्याची मोजपट्टी '४जी'वर संपते. आयफोनवर तर ते मिळतच नाही.

वेग

फोनला विचारलेला वेग हा अंदाज असतो. अँड्रॉइड १२ पासून तो त्या सिमकंपनीवर किंवा त्या वाय-फायवर, तशाच सिग्नलमध्ये, त्या फोनच्या सगळ्या अ‍ॅप्सना आजवर मिळालेल्या वेगाची सरासरी असतो. म्हणजे डेटा संपून ६४ वर आलेला फोनही गेल्या महिन्याच्या चांगल्या दिवसांच्या जोरावर हजारांत आकडा सांगू शकतो. तो आकडा किलोबिटमध्ये असतो हेही विसरू नका: ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. 'आठपट कमी वेग येतोय' ही तक्रार आली की हा भागाकार आधी बघा.

खरा वेग हवा असेल तर अ‍ॅपचं रोजचं काम मोजा. फोटो चढला, किती बाइट गेले, किती वेळ लागला. लहान विनंत्या धरू नका, कारण त्यातला बराच वेळ जोडणी जुळवण्यातच जातो आणि वेग उगाच कमी दिसतो. शेवटच्या काही फोटोंचा मध्य घ्या. नेटवर्क बदललं की तो पुसून टाका. वेग मोजायला म्हणून वेगळी मोठी फाइल उतरवून घेऊ नका. दीड जीबीवर दिवस काढणाऱ्याचा डेटा आहे तो. वेग कमी निघाला तर फोटो लहान करा, तुकड्यांत पाठवा, मुदत वाढवा.

सगळ्यात खर्चिक तपासणी

एमुलेटरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनमध्ये, नेटवर्क जुनं संथ 'एज' करून, आयफोनवर नेटवर्क लिंक कंडिशनर लावून संथ नेट आणता येतं. ते आधी करा. पण नेटवर्क तुटण्या-जुळण्याचा खेळ टेबलावर येत नाही. त्यासाठी मी कसारा-इगतपुरी घाटातून आगगाडीने जातो, दोन फोन, दोन कंपन्यांची सिमं आणि लॉग चालू. बोगद्यात शिरताना पाठवलेली नोंद बाहेर पडल्यावर एकदाच पोचली पाहिजे. दोन्ही फोन एकाच ठिकाणी अडले तर दोष अ‍ॅपचा असण्याची शक्यता जास्त. एकच अडला तर सिमकंपनीकडे बघा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

कोणत्याही अ‍ॅपमध्ये, दुसरं सिम घालूनही नेट येत नसेल, किंवा *#०६# दाबल्यावर आयएमईआय दिसत नसेल, तर फोन सेवा केंद्रात न्या. अ‍ॅपमध्ये शोधण्यासारखं काही उरलेलं नाही.

एकाच कार्यालयाच्या वाय-फायवर अडत असेल तर तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्याला आपल्या सर्व्हरचं नाव आणि पोर्ट लिहून द्या. त्यांच्या राउटरला किंवा फायरवॉलला स्वतः हात लावू नका.

'एसएसएल हँडशेक' तारीख दुरुस्त करूनही येत असेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलवा, प्रमाणपत्रांची साखळी तपासायला सांगा. प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारा कोड उत्तर म्हणून सहज सापडतो. तो एका तासासाठीसुद्धा टाकू नका. त्या तासात मधला कुणीही लोकांचा पासवर्ड वाचू शकतो.

एकाच कंपनीच्या सिमवर, एकाच भागात, सगळ्या फोनवर अडत असेल तर ते सिमकंपनीचं आणि सर्व्हर चालवणाऱ्यांचं काम. त्यांच्याकडे जाताना तारीख-वेळ, गाव, सिमकंपनी, फोनचं मॉडेल, लॉगमध्ये आलेल्या एररचं नाव आणि त्याच वेळी दुसऱ्या सिमवर काय झालं, एवढं लिहून न्या.